पक्ष

फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात लोमोरो सरांनी लिहिलं: पक्ष.
त्याखाली: त्रिकोण अबक मध्ये बाजू अब = बाजू अक.
मग साध्य. मग सिद्धता, आणि तिच्याखाली
अर्धी ओळ: 'कोन अ चा दुभाजक काढू, तो'

तो पुढे कुठे जातो
हे आठ वर्षं मला माहीत नव्हतं.

येई गावाबाहेर, सागवानाच्या बनाला लागून शाळा.
नववीत आम्ही एकेचाळीस, त्यात मुली सात,
त्यातली एक दोन लेकरांची आई.
माझं वय सतरा, देशाचं पाच.
राष्ट्रगीताचं दुसरं कडवं कुणालाच नीट येत नसे,
सरसुद्धा तिथे नुसते ओठ हलवत.

आवाज आला तेव्हा सर म्हणाले, फांदी मोडली असेल.
मग पुष्कळ फांद्या मोडल्या.

दारात चौघे. चपला चार तऱ्हांच्या, बंदुका एकसारख्या.
पुढचा म्हणाला, 'मास्तर, तू कुठल्या पक्षाचा?'
सरांच्या हातात खडू होता.
त्यांनी, खरं सांगते, वळून फळ्याकडे पाहिलं.

मला हसू आलं.
त्या हसण्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

चौथा जुरुगो होता.
आदल्या वर्षी माझ्या मागच्या बाकावर बसायचा,
फी थकली म्हणून गेला तो गेलाच.
तो ओठ हलवत फळा वाचत राहिला,
'अब', 'अक', बोटाने हवेत रेघ काढत,
आणि म्हणाला, 'हे माझं राहिलं,'
कुणाला उद्देशून नाही.

सरांना गाडीत बसवलं. मागे नाही,
पुढे, ड्रायव्हरशेजारी.
त्या पुढच्या सीटवर आम्ही महिनाभर आशा धरली.

नंतर शाळेत त्यांचा तळ पडला.
ज्वारी आणायला गेलेली मावशी बघून आली:
आधी बाक जाळले, मग दारं, मग हजेरीची बुकं,
वाटाणे शिजायला वेळ लागतो.
फळा तेवढा राहिला. सिमेंटचा होता.

सीमेपलीकडे आम्ही रात्रीचे चाललो.
तिथे पांढरी ताडपत्री, रांगेचा नंबर,
पाण्याचा पिवळा कॅन, कोळशाची पोती, नवरा,
नवरा नाही, मुलगा. इतकं सगळं झालं,
आणि ह्या जानेवारीत मी पुन्हा नववीत बसले.
पंचविशीतला गणवेश शिवताना शिंपी दोनदा म्हणाला,
मुलीचं माप आणा.

वर्गात एकशे तीस. बाहेर माझा ताबान
मातीत काठीने गाडी काढत बसलेला.
द्रिचिरू मिस माझ्याहून लहान, फार भरभर शिकवतात.
त्यांनी त्रिकोण काढला, आणि मी वही घट्ट धरली.

'कोन अ चा दुभाजक काढू,
तो बाजू बक ला द मध्ये छेदतो.
अद सामाईक. बाकोबा कसोटी.
म्हणून कोन ब = कोन क. समजलं?'
एकशे एकोणतीस हो म्हणाले.

चार मिनिटं लागली.
चार मिनिटांचंच होतं ते.
सर अजून चार मिनिटं उभे राहते तर.

दोन समान बाजू, मधून एक रेघ,
दोन्ही अर्धे एकमेकांवर बसतात:
ह्यात कुणी माझा देश शोधू नये.
तो त्रिकोण आहे. तेवढाच आहे.
मला तो तेवढाच हवा होता.

सुट्टी झाली तरी मी उठले नाही.
वहीचं पान उलटून मी पुन्हा सगळं लिहिलं,
नीट, समास सोडून, सर सोडायचे तसा,
पक्ष, साध्य, सिद्धता, शेवटपर्यंत.
एक प्रत माझी.
दुसरी जुरुगोसाठी, असेल तर,
घडी घालून कंपासपेटीत, कर्कटकाखाली.

तिसऱ्या प्रतीला कागद होता.
हात नव्हता.