दस्तगीरसमोर

उद्यमनगरात, दस्तगीर शिकलगारच्या शेडपुढं
ती उभी राहते
इन्स्पेक्टर आल्यावर वर्ग बसतो तशी.
चावी फिरवली, लागली. पुन्हा फिरवली, पुन्हा लागली.
दस्तगीर कान देतो, चिंधीला हात पुसतो, म्हणतो,
"मालक, हिला काय बी झालेलं न्हाई."
आणि मी, छप्पन्न वर्षांचा,
रोज दोन टन बीड ओतणारा माणूस,
तक्रार मागे घेऊन घरी येतो.

पण काल दसरा चौकात, सिग्नल लाल असताना
मागची डावी काच आपणहून खाली गेली.
कुणी सांगितलं नव्हतं.
शेजारच्या रिक्षातल्या बाई वाकून आत बघू लागल्या.
मागच्या सीटवर फक्त मेथीची पेंढी होती.
मग काच वर आली, सावकाश, अदबीनं,
चुकून भलत्याच खोलीत शिरलेला पाहुणा
मागे सरतो तशी.

परवा रंकाळ्यावर, पौषातल्या खणखणीत उन्हात
वायपर सुरू झाले.
मी वहीत लिहून ठेवतो: तारीख, वेळ,
चढ की उतार, टाकीत पेट्रोल किती.
दोन वर्षांची वही.
त्यातून नियम एकच निघाला:
वही गाडीत असली
तर काही होत नाही.

एका साखर कारखान्याच्या संचालकाची ही,
मग त्याच्या साडूची, मग माझी.
दोन हजार चारची मर्सिडीज,
दोन मुऱ्हा म्हशींच्या किमतीत घेतली
आणि वैरण खाते चार म्हशींची.
वैजयंता म्हणते, विकून टाका.
मग पन्हाळ्याच्या घाटात तीच
मान टेकवून डोळे मिटते,
बाहेर एसटी ओरडत जाते नि आत
फक्त तिच्या बांगड्या ऐकू येतात.
"आज बरी चाललीय," मी म्हणतो.
ती गुडघ्यावर चापट मारते.
असलं मोठ्यानं बोलायचं नसतं.

बंद पडली की तालमीतली पोरं धावत येतात.
"ढकलूया काय, काका?"
अरे, ऑटोमॅटिक आहे, ढकलून लागत नाही.
तरी ढकलतात.
मांड्यांवरची लाल माती बंपरला लावून
लांबवर ढकलत नेतात,
मी आत स्टिअरिंग धरून बसतो, मिरवणुकीतल्यासारखा.
आणि खरं सांगायचं तर मीही अजून
उतार बघूनच गाडी लावतो.
स्कूटरच्या दिवसांतली सवय.
हिला उताराचा उपयोग शून्य.
मला आहे.

या गुरुवारी दस्तगीरला शियेला सोडायला निघालो,
त्याच्या मेहुणीच्या घरी.
तो शेजारी, मांडीवर गुळाची ढेप.
कसबा बावडा मागे पडला, पूल दिसायला लागला,
आणि डॅशबोर्डवरचे दिवे
लाल, पिवळे, मी कधी न पाहिलेलेसुद्धा,
एकदम पेटले. आणि ती गेली.
मागे उसाचे दोन ट्रॅक्टर.
दस्तगीरनं माझ्याकडे बघितलं.
"दिसलं?" मी विचारलं.
"दिसलं की ओ!" तो ओरडला. "च्यायला, दिसलं!"

आम्ही हसत सुटलो.
ट्रॅक्टरवाले आमच्या आयांची आठवण काढत होते
आणि आम्ही डोळे पुसत होतो.
बंद गाडीत बसून इतकं हलकं
मला आजवर वाटलं नव्हतं.

मग तो उतरला, ढेप सीटवर ठेवली,
बॉनेट उघडलं, बाह्या सारल्या.
मी सहज चावी फिरवली.
लागली.
तो तसाच उभा,
हात अजून कशालाच न लागलेले.

परत येऊन बसला. ढेप मांडीवर घेतली.
पूल ओलांडेपर्यंत काही बोलला नाही.
"वही कुठाय?"
घरी, मी म्हणालो.
"घरला गेल्यावर लिवा. आजची तारीख घाला.
अन् उद्या शेडवर घिऊन या,
खाली माझी सही करतो."