यादीत गाढवं होती

घोडे. खेचरं. गाढवं. उंट.
बोटांना अजून पाठ आहे तो क्रम.
एकोणीसशे पस्तीसचा नोव्हेंबर, जिनिव्हा,
खिडकीबाहेर सरोवर शिशासारखं,
आणि मी, क्लेमांस पेरूदे, टंकलेखिका, तिसरा मजला,
पाच कार्बन लावून
जगाचा राग टाइप करत होते.

इटलीला काय काय विकायचं नाही, त्याची यादी.
रबर. बॉक्साइट. कथील.
आणि चार पायांवर चालणारी सगळी वाहतूक.

कच्च्या मसुद्यात आणखी एक शब्द होता.
मीच ठोकलेला. पेट्रोल.
फ्रेंचमध्ये सात अक्षरं, शेवटचं मुकं.
दुपारी दलाराजाज साहेब तो कागद घेऊन वर गेले,
जेवूनच परतले, मिशीला चीज,
म्हणाले, हा शब्द पुढच्या बैठकीला.
आत्ता नको. रोमचा गृहस्थ चिडेल,
चिडून बर्लिनच्या गळ्यात पडेल.
बर्लिनला आवरायला तो लागणार आहे आपल्याला.

सापावर सोडायला साप पाळायचा,
तर त्याचं दूध तोडून कसं चालेल?
हे ते बोलले नाहीत. हे माझं.
तेव्हा मीही बोलले नाही.
रबरी रुळावर नवा कागद चढवला.

संध्याकाळी प्रत न्यायला आला वोल्देसेनबेत,
इथिओपियाच्या शिष्टमंडळाचा दुभाष्या.
कोट उसना, बाह्या बोटांपर्यंत.
उभ्या उभ्याच वाचलं. पान उलटलं.
मागे कोरं.
पुन्हा उलटलं.
"पुढचं पान?"
एवढंच आहे, मी म्हटलं.
तो अगदी सभ्यपणे म्हणाला,
"मादमाझेल, आमच्यावर जी विमानं येतात
ती गाढवं ओढत नाहीत."

पुढची बैठक पुढे गेली.
मग नाताळ आला, मग कुणाचं तरी सरकार पडलं,
मग तज्ज्ञांचा अहवाल यायचा होता.
सुएझमधून बोटी जातच होत्या,
माणशी कर भरून, पावती घेऊन, रीतसर.

कोरेमला त्याच्या आईचं खेचर होतं,
करडं, एक कान फाटका.
नाव होतं त्याला. मी विसरले.
एप्रिलमध्ये ते अशेंगे तळ्यावर पाणी प्यायला गेलं,
विमानं येऊन गेल्यानंतर.
काठाला लसणीसारखा वास होता म्हणे.
हे तो मला सांगत होता आमच्या सरोवराकाठी, बाकावर,
बदकांना पाव टाकत.
खेचराचे ओठ सोलून निघाले, म्हणाला.
आईचं काहीच म्हणाला नाही.
मी विचारलं नाही.
बदकं पावासाठी भांडत होती, आम्ही ती बघत बसलो.

जुलैत निर्बंध उठले.
तेही मीच टाइप केलं. या वेळी सहा कार्बन,
उठवण्याची बातमी सगळ्यांनाच हवी होती.
घोडे, खेचरं, गाढवं, उंट
मोकळे झाले.
आणि बर्लिनच्या गळ्यात
तो पडायचा तो पडलाच.

आता मी व्हेवेच्या वृद्धाश्रमात.
रेडिओवर कुठल्या देशावर निर्बंध लागले
की परिचारिकेला आवाज वाढवायला सांगते.
काय वगळलं, ते ऐकायचं असतं.
बातमीत ते कधीच नसतं.
यादीत गाढवं आहेत का हो, मी विचारते.
ती माझ्या गोळ्या तपासते.

कपाटात, हातमोज्यांच्या खाली, एक कार्बन आहे,
त्या दुपारचा, पहिल्या मसुद्याचा.
जाळून टाकायचा असा नियम होता.
उजेडासमोर धरला की सगळं दिसतं,
उंटांच्या खाली तोही शब्द,
सात अक्षरं,
शेवटचं मुकं.

मग चादरीला काळं लागतं
आणि परिचारिका रागावते,
मादाम पेरूदे, हात,
तुमचे हात बघा.