होल्ड

उद्यमनगरात रात्री साडेदहाला
भट्टी निवायला लागली की पत्र्याचं छत
कटकट वाजतं. तेवढ्या वेळात
मला माझं काम उरकायचं असतं.

लेथला जोडलेला जुना संगणक.
कीबोर्डात बीडाचा कीस इतका बसलाय
की 'एस' दाबायला बोट पुरत नाही, अंगठा लागतो.
सुडो. ॲप्ट. अपडेट.
खिडक्या नाहीत, चित्रं नाहीत,
काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं,
शाळेत होती तशीच, फक्त ही पाटी
उलट उत्तर देते.

ओळी धावतात. कुठल्या कुठल्या गावचे सर्व्हर
हजेरी देतात.
मग यादी. दोनशे चौदा नवे,
आणि एक
जागेवरच ठेवलेला.

शेठनी एकदा विचारलं होतं,
"फुकट कसं काय गं हे? कोण देतंय फुकट?"
म्हटलं, आदगोंडाशेठ, तुमच्या आजोबांनी
विलायती इंजिन खोलून बघितलं,
शेजारच्यालाही बघू दिलं,
म्हणून ही गल्ली उभी राहिली. तसंच.
ते हसले. पटलं असेल, नसेलही.

एक बुश हवा म्हणून निघावं
तर बुशला पिन लागते, पिनेला वॉशर,
वॉशर लक्ष्मीपुरीत एकाच दुकानात
आणि आज सोमवार, दुकान बंद.
डिपेंडन्सी म्हणजे हेच.
फरक एवढाच, की ॲप्ट
सगळ्या पिना, सगळे वॉशर आधी मोजून दाखवतो
आणि मग विचारतो: पुढे जाऊ? हो की नाही?
इथं असं आधी कुणी विचारत नाही.

मी त्या जागेवरच्या एकाकडे वळले.
लेथचा हात हलवणारं पॅकेज, कधीचं जुनं.
आपोआप अडकलेलं नव्हतं,
कुणीतरी मुद्दाम धरून ठेवलेलं. होल्ड.
जुन्या नोंदी उपसत गेले, गाळात बादली घालावी तशी.
सापडली एक ओळ:
पहाटेचे चार वाजून सात मिनिटं,
पूर ओसरल्यानंतरचा आठवडा,
वापरकर्ता दिलावर.

दिलावर शिकलगार.
नाल्याचं पाणी शटरखालून आत आलं त्या रात्री
त्यानं हा संगणक पाठीवर घेऊन माळ्यावर चढवला.
लेथ तेवढा भिजला. भिंतीवर रेघ अजून आहे.
पुढच्या वर्षी माणसं कमी केली
तेव्हा यादीत तो तिसरा होता.
यादी मीच टाइप केली होती, ह्याच कीबोर्डवर.

आणि आता खाली पडद्यावर:
पुढील पॅकेजे आपोआप बसवली गेली होती,
त्यांची आता गरज उरलेली नाही.
काढण्यासाठी ऑटोरिमूव्ह वापरा.
वापरा. किती अदबीनं.

फोन लावला. तो हुपरीत असतो हल्ली,
चांदीला पॉलिश करायच्या मशीनवर.
मागं मोटर घरघरत होती.
"नव्या व्हर्जनला हात तिसऱ्या दाताला
अर्धा सूत पुढं जातोय. दोन जॉब वाया गेलं माझं.
ठेव तसंच. चालतंय न्हवं अजून?"
चालतंय, म्हटलं.
"मग झालं की."
मोटर बंद झाल्याचा आवाज आला.
"माझं नाव हाय अजून तिथं? लॉगिन?"

आहे, म्हटलं.

मग 'वाय' दाबलं.
दोनशे चौदा ओळी उलगडत गेल्या,
एक जागची हलली नाही.
ऑटोरिमूव्ह आज राहू दिलं.

शेठनी सांगितलेल्या कामांची वही
ड्रॉवरमध्ये आहे. पान चौथं:
जुने वापरकर्ते काढून टाकणे.
दोन वर्षं झाली,
टीक केलेली नाही.