चिमणीचा सीन

पेर्निकच्या कारखान्यात त्या वर्षी पोलाद नव्हतं,
मंगळ होता.
परदेशी कंपनी आली, दोन ट्रक, एक कॅमेरा
आणि रोबोटांचे अकरा पोशाख घेऊन.
रोबोट हवे होते वीस. उरलेले नऊ
रुमेनकाकांनी दोन रात्रींत उभे केले:
व्हॅक्यूम क्लीनरच्या नळ्या, स्कीइंगचे गॉगल, चंदेरी रंग.
पगार तीन महिने थकलेला,
रोबोट तर रोबोट.

माझे वडील त्या सिनेमात चार वेळा मरतात.
एकदा दाढी लावून, एकदा दाढी काढून,
एकदा पाठमोरे,
आणि शेवटी हेल्मेटात, तेव्हा पोटावरून ओळखू येतात.
दर मरणामागे पाच डॉलर आणि गरम सूप.
“इतकं जिवावर आल्यासारखं मरू नका,”
दिग्दर्शक तिसऱ्यांदा ओरडला.
दुभाषी त्स्वेताने त्याचं भाषांतर केलं: “नीट पड.”

कॅसेट आली तेव्हा आमच्या खोलीत सोळा माणसं,
व्हिडिओ शेजाऱ्यांचा, सूर्यफुलाच्या बिया आमच्या.
क्रेनवाले स्पासोव्ह पहिल्या मिनिटालाच फुरफुरले,
“हे म्हणे यानाचं इंजिन!
अहो, तीन नंबर बॉयलरचा व्हॉल्व्ह आहे तो,
आणि उलटा बसवलाय.”
यान पृथ्वीच्या जवळ आलं
तरी ते त्या व्हॉल्व्हातच अडकलेले.
आई प्रत्येक मारामारीत फक्त कोट बघत होती,
“कोपर इथे फाटलं होय!”
आम्हा पोरांचा हिशोब सरळ,
काय फुटलं, किती मेले, आवाज केवढा.
नायिका रडू लागली की आम्ही कॅसेट पुढे पळवायचो.
नायकाचं कुणालाच काही नव्हतं,
तो आमच्यातल्या कुणाचा कुणीच नव्हता.

मग चिमणी.
ऐंशी मीटर.
तशीही पाडायचीच होती,
कंपनीने सुरुंगाचे पैसे भरले, कारखान्याचे वाचले.
सकाळी सातला अख्खं गाव कुंपणाशी उभं होतं.
दुसरा टेक नव्हता.

पडद्यावर ती चार सेकंदांत पडते.
खोलीतला बियांचा आवाज बंद झाला.
स्पासोव्हांचा हात डोक्याकडे गेला,
टोपी मघाशीच खुंटीवर लावली होती.
कुणीतरी म्हणालं, मागे घे.
मागे घेतली.
धूळ आवरली गेली, वीट विटेवर जाऊन बसली,
चिमणी उभी राहिली.
थांबव, म्हणाले, तिथेच थांबव.
ती तशीच थरथरत राहिली टीव्हीवर,
कॅसेट खराब होईल असं आई म्हणेपर्यंत.

आता मी लाइपझिगला असतो.
इथे एका थिएटरात, शनिवारी मध्यरात्री,
मुद्दाम भिकार सिनेमे दाखवतात.
लोक बियर घेऊन येतात, पडद्याशी भांडतात,
माइकची सावली दिसली की शिट्ट्या मारतात.
मीही मारल्या. का नाही मारायच्या?
सिनेमा भिकार आहेच.
वडील मरू लागले तसं सगळं थिएटर मोजू लागलं,
दोन! तीन!
आणि चौथ्याला उभं राहून टाळ्या.
एक बाई तर म्हणाली, आता पाचव्यांदा येऊ दे रे त्याला.
मला तिला मिठी मारावीशी वाटली.

मग चिमणी.
माझ्या मागे बसलेला मुलगा, जाणकार,
मैत्रिणीला हळूच समजावत होता:
“हे बघ, इथे कळतं. मॉडेल आहे. जेमतेम हातभर.
धूळसुद्धा पिठाची.”
ती म्हणाली, “हो, अगदीच खोटं वाटतंय.”

मी वळलो. तोंड उघडलं.
काय सांगणार होतो?
तोवर नायकाने पृथ्वी वाचवली होती,
आणि दिवे लागले.

दुसऱ्या दिवशी वडिलांना फोन केला.
टाळ्यांचं सांगितलं, त्या बाईचं दोनदा सांगितलं.
चिमणीचं गिळलं.
ते बराच वेळ हसले, खोकले,
मग आवाज खाली आणून म्हणाले,
“आणि व्हॉल्व्ह उलटा आहे,
ते आलं का रे कुणाच्या लक्षात?”