मुकादमांचं खातं

हर्णैच्या खाऱ्या हवेनं दर वर्षी तांबं खाल्लं,
सांध्यांत हिरवट भुकटी सोडली.
मार्चअखेर मी खतावणीत लिहायची :
केबल, जोडणी, मजुरी – मुकादम.

यंदा बर्फ कारखान्याच्या भिंतीवर
साबणाच्या वडीएवढी पांढरी डबी बसली.
जेटीवरचा काटा आता हवेतूनच
पापलेटचं वजन माझ्या टेबलावर धाडतो.
महिन्याला चार हजार वाचले.
चोगलेशेठनी बेरीज दोनदा करायला लावली.

इब्राहिम मुकादम आले,
छतातनं सगळी वायर उपसली,
कोपरावर गुंडाळत राहिले
जाळं आवरल्यासारखी.
बिल विचारलं तर म्हणाले,
काढायचे कसले पैसे?

आंजर्ल्याला त्यांच्या अंगणात
निळ्या वायरीवर बोंबील वाळतायत.
एवढी वर्षं तिच्यातनं काय जायचं
ते कुणाला कधी दिसलं नव्हतं.