आठवडा सोळावा

शनिवार, साडेपाच. देवपूर, धुळे.
अहवाल सहाच्या आत पुण्याला जायला हवा.

स्कॅन झालेली पानं : एकतीस हजार चारशे सहा.
मंगळवारी वीज गेली, दोन तास चाळीस मिनिटं.
तेवढा वेळ आम्ही जिन्यात बसलो, तिथे वारा असतो,
नूतन भामरेने कळण्याची भाकरी
सगळ्यांना चतकोर चतकोर तोडून दिली.
अहवालात फक्त दोन तास चाळीस मिनिटं.

शिरपूरचे गठ्ठे संपले.
साक्रीच्या गठ्ठ्यांना वाळवी लागलेली.
तिने एक्क्याण्णवचा अख्खा श्रावण खाल्लाय;
कोणाला ताप चढला, कोणाचा उतरला,
आता कळायचं नाही.
शेरा : गहाळ.

धडगावकडची एकोणीसशे माणसं
एक जानेवारीला जन्मली आहेत.
यंत्राने लाल खूण केली, शक्यता कमी.
सायसिंग पावरा म्हणाला, मॅडम, त्यात मीपण आहे.
गुरुजी म्हणाले, हात डोक्यावरून घे, पलीकडचा कान धर.
धरला, आणि सहा वर्षांचा झालो.
या आठवड्यापासून त्याला तपासनीस केलंय,
पाड्यांची नावं तो न अडखळता वाचतो.
पगारवाढ तुमच्या मंजुरीत. तीन आठवडे.

रुकय्या पिंजारी सोमवारपासून रजेवर, आठवा लागला.
तिच्या खुर्चीवरच्या उशीवरून दोघींचं वाजलं,
उशी सध्या माझ्या कपाटात.
हर्षल वाणी सुरतेला चालला, दीडपट पगार.
निरोपाला शेवभाजी होती.
डोळ्यांत पाणी तिखटानं आलं, असं त्याचं म्हणणं.

आता दुबार नोंदी.
शिंदखेडा तालुक्यात दोनशे चौदा सुपडू.
यंत्र म्हणतं, एकत्र करा.
पुण्याला कसं लिहू,
की आधीची पोरं गेली म्हणून
हा उरावा, या आशेने ज्याला सुपात घातलं
तो प्रत्येक सुपडू वेगळा असतो,
आणि त्याच्या मागे दोन-तीन बिननावाचे,
ज्यांच्यासाठी आपल्याकडे रकानाच नाही.
लिहिलं : एकत्र करू नये. कारण, स्थानिक.

दोनशे चौदांपैकी एक आपल्या फाटकावर असतो,
सुपडू बागुल, रात्रपाळी.
बुधवारी चहाचा पेला परत द्यायला वर आला, उभाच राहिला.
"ताई, मन्ही बाईनं नाव शे का त्यामा?
दोंडाईचाना दवाखाना. पंचवीस-तीस साल व्हई ग्यात."
म्हटलं, असेलही. पण असं दाखवता येत नाही, बापू, अर्ज लागतो.
"नाव नही दखाडं तरी चाली.
तिनं वजन कितलं व्हतं, तेवढंच सांगा.
पाठवर लई गयथू मी तिले.
तव्हय माले जड लागनी व्हती."

अर्ज भरला. सही त्याने स्वतः केली,
साक्षरता वर्गातली, प्रत्येक अक्षर वेगवेगळ्या उंचीचं.
गुरुवारी तपासणीत ते पान माझ्यासमोर आलं.
मुद्दाम शोधलं नव्हतं. निदान असं मी म्हणते.
चौतीस किलो.
खाली नातेवाइकाच्या जागी निळा अंगठा,
जोर देऊन उठवलेला, कडेला फिस्कटलेला.
प्रतिमा स्वच्छ करणाऱ्या यंत्रणेनं
तो डाग समजून पुसून टाकला होता.
मी परत आणला.
हाताने दुरुस्त केलेल्या प्रतिमा : एक.

नियम सात दिवसांचा आहे.
रोज संध्याकाळी तो फाटक उघडतो,
"या ताई" म्हणतो, त्यापुढे काही नाही.
मी स्कूटी काढते,
आणि चौतीस हा आकडा
पांझरेचा पूल ओलांडेपर्यंत मागच्या सीटवर बसलेला असतो.

प्रलंबित अर्ज : एक.
एसीवाला सोमवारी येतो म्हणालाय, चौथ्यांदा.
पाच अठ्ठावन्न. पाठवला.
खाली सुपडूबापू किल्ल्यांचा जुडगा घेऊन
पायरीवर बसलाय,
आमचं आटपायची वाट बघत.