गोडं पाणी

मालवणहून मावसभाऊ आला, अवधूत.
चप्पल काढायच्या आधी विचारतो,
तुमचो दर्या खंय?
म्हटलं, दर्या नाही. दरवाजे हायत.
बावन्न म्हणतात लोक. मोजू.

आत्याची स्कूटी, तोंडाला ओला रुमाल.
भडकल, मकाई, पैठण गेट.
रंगीन दरवाज्यापाशी पेट्रोल संपलं,
ढकलत ढकलत शहागंज,
घड्याळाखाली खरबुजाच्या फाका.
चिकट बोटांनी त्यानं वहीत लिहिलं: नऊ.
दहाव्या कमानीत एकजण पंक्चर काढत बसलेला.
चाचा, हा दरवाजाच ना?
दरवाजा कायका बेटे,
मेरी दुकान है.
त्यावर आमचं अर्धा तास भांडण.
शेवटी साडेनऊ.

रविवारी लाल डब्यानं नाथसागर.
पाणी इतकं मागं गेलेलं
की काठच सापडेना.
भेगाळलेल्या गाळात कलिंगडाचे वेल,
एक उलटी होडी,
पुढं पुढं चालत गेलो तर
पोटरीपर्यंत आत.
लाटा होत्या पण.
बोटभर उंच, वाऱ्याच्या,
आणि पलीकडचा काठ खरंच दिसत नव्हता.
मी त्याच्याकडं बघितलं.
त्यानं ओंजळ भरून चाखलं.
गोडा आसा, म्हणाला,
तक्रार केल्यासारखं,
आणि शर्टासकट आत पडला.

जाताना बॅगेत दोन करडे शिंपले,
आईनं दिलेल्या शेंगदाण्याच्या चटणीत.

आता तो कधीमधी मोबाईलवर
भरतीची वेळ पाठवतो, नुसतीच.
मी धरणाचा टक्का पाठवते.
काल: सहा पूर्णांक दोन.